बॉक्सस्टर तापते तेव्हा: मधल्या इंजिनाच्या पोर्शची कूलिंग तपासणी, पायरीपायरीने

जुनी पोर्श बॉक्सस्टर तापायला लागली की बहुतेक गॅरेजमध्ये सुरुवात थर्मोस्टॅटपासून (तापमान बघून रेडिएटरची वाट उघडणारी झडप) होते. तो बदलून तापमानाचा काटा उतरला नाही तर वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, मग रेडिएटर. अंदाजाने भाग बदलत जाणं या गाडीत फार महाग पडतं. भाग महाग आहेतच, शिवाय प्रत्येक भागापर्यंत पोचायला अर्धी गाडी उघडावी लागते. त्याआधी एका प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं: गाडी तापते कधी? सिग्नलवर उभी असताना, की शंभरच्या वेगाने पळताना? एवढं कळलं तरी निम्मे संशयित बाद होतात.

हा लेख १९९६ ते २००४ मधल्या ९८६ बॉक्सस्टरसाठी आणि २००५ ते २००८ मधल्या ९८७ बॉक्सस्टर आणि केमनसाठी आहे. २००९ पासून ९८७ चं इंजिन बदललं. त्या गाड्यांना इथला रेडिएटर आणि पंख्यांचा भाग उपयोगी पडेल, इंजिनाबद्दलचे तपशील मात्र त्यांना जसेच्या तसे लावू नका.

आधी पाणी फिरतं कसं

इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, अशी ही रचना आहे. त्यामुळे कूलंट, म्हणजे ग्लायकॉल मिसळलेलं पाणी, गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जातं आणि तसंच मागे येतं. एकूण कूलंट सतरा लिटरच्या पुढे भरतं. छोट्या हॅचबॅकला पाच-सहा लिटर पुरतं. दोन्ही बाजूंना सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर आणि त्याच्यामागे पंखा असतो. तापलेली हवा पुढच्या चाकांच्या बाजूने खाली निघून जाते. ९८६ च्या एस मॉडेलला मधोमध तिसरा रेडिएटर आहे, पण त्याला पंखा नाही. उभ्या गाडीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कूलंटची टाकी आहे मागच्या डिकीत. बॉनेट उघडून पाणी शोधणाऱ्याला तिथे सामान ठेवायची जागा तेवढी दिसेल.

काट्यावर नाही, आकड्यावर विश्वास

डॅशबोर्डवरचा काटा ढोबळ आहे. तो ८० च्या खुणेच्या आसपास रेंगाळत असताना खरं तापमान बरंच वरखाली झालेलं असू शकतं. म्हणून पहिलं हत्यार म्हणजे ओबीडी स्कॅनर, गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनरही चालतो. सॉकेट ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशबोर्डच्या खाली सापडतं.

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी फक्त इग्निशन चालू करा आणि दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही बाहेरच्या हवेशी दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळायला हवेत. हवा २८ आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासा. खोट्या आकड्याच्या जिवावर केलेली पुढची सगळी तपासणी फुकट जाईल.

आता गाडी चालवा. मोकळ्या रस्त्यावर, मूळ थर्मोस्टॅट असताना, कूलंट साधारण ८० ते ९२ अंशांत राहतं. रहदारीत ते ९६ ते १०३ पर्यंत चढतं, पंखे लागतात आणि ते उतरतं. हे निरोगी गाडीचं वागणं आहे. पंखे फिरत असूनही १०५ च्या वर चढतच गेलं तर दोष आहे. ११० दिसलं की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखाही जोरात, आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला. ११५ पर्यंत वाट बघू नका. ॲल्युमिनियमच्या हेडला एकदा बाक आला की पुढच्या खर्चाला कूलिंगची दुरुस्ती म्हणत नाहीत.

तापमानाच्या घड्याळातला लाल दिवाही नीट वाचा. तो सलग पेटला तर एक अर्थ, लुकलुकला तर दुसरा. पातळी कमी झाल्याचा इशाराही तोच दिवा देतो. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये ते पान काढून ठेवा.

उन्हाळ्याबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. रेडिएटर किती उष्णता फेकतो ते कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० आणि हवा २५ असेल तर फरक ७५ अंशांचा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हवा ४५ ला गेली की फरक ५५ च उरतो, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता पाव हिश्शाने घटली. जर्मनीत खपून गेलेला अर्धवट तुंबलेला रेडिएटर आपल्याकडे एप्रिलातच तोंड काढतो.

पातळी आणि गळती

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड. टाकीवर किमान आणि कमाल पातळीच्या खुणा आहेत, पाणी त्यांच्या मध्ये हवं. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. तेव्हा आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही निव्वळ दाबामुळे उकळत नसतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण १ बार जादा दाबाखाली साधारण १२९ अंशांना उकळतं. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उसळून अंगावर येतं.

पातळी कमी असेल तर ओतण्याआधी मोजा. किती मिलिलिटर घातलं आणि किलोमीटर किती झाले होते ते लिहून ठेवा. महिन्याला १०० मिली जाणं आणि आठवड्याला लिटर जाणं हे दोन वेगळे आजार आहेत. रंग बघून कूलंट मिसळू नका. गाडीत आहे त्याच जातीचं घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं की क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

गळती शोधायला प्रेशर टेस्टर लागतो, म्हणजे हातपंप, दाबाचा गेज आणि टाकीच्या तोंडाला बसणारं अडॅप्टर. इंजिन थंड असताना १ बारपर्यंत दाब भरा, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त कधीच नाही, आणि वीस मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर बाहेरची गळती नाही, किंवा ती फक्त गरम असताना होते. काटा उतरला तर या क्रमाने बघा:

- मागच्या डिकीतलं कार्पेट उचला. टाकीच्या प्लॅस्टिकला जोडाजवळ तडा जाणं हे या गाड्यांचं जुनं दुखणं आहे. कार्पेट ओलं, चिकट आणि गोडसर वासाचं लागलं तर टाकी गेली. एपॉक्सी लावून ती टिकत नाही.
- टाकीचं झाकण. ते दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. या झाकणाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या; पार्ट नंबरच्या शेवटी ०४ असलेलं घ्या. जुनं असेल तर तपासत बसू नका, सरळ बदला.
- वॉटर बॉडीच्या खाली. गुलाबी-पांढरी सुकलेली पुटं दिसली तर सील झिरपतंय.
- पुढच्या रेडिएटरचे खालचे कोपरे. स्पीडब्रेकरला नाक घासणाऱ्या गाडीत हे आधी बघा.
- पोटाखालच्या पाइपांचे जोड आणि होजच्या स्प्रिंग क्लिपा.

जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच पाण्याने धुऊन टाका. चवीला गोड असल्यामुळे कुत्री ते चाटतात आणि इथिलिन ग्लायकॉल त्यांच्यासाठी विष आहे.

उभी असताना तापते: पंखे आणि हवा

पळताना तापमान ठीक, सिग्नलवर चढतं आणि गाडी हलली की उतरतं. असं असेल तर पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. पंख्यांकडे या.

इंजिन चालू करून एसी लावा. दोन्ही बाजूंचे पंखे कमी वेगाने फिरायला लागले पाहिजेत. पुढच्या चाकांच्या कमानीपाशी खाली हात धरला की बाहेर येणारी हवा लागते. डावी-उजवी दोन्ही बाजू तपासा. एकच पंखा चालत असेल तर आवाजावरून कळत नाही, आणि या तपासणीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. इतर बऱ्याच गाड्यांत एसी लावला की तापमान वाढतं. इथे रहदारीत एसी लावल्यावर तापमान उतरलं तर समजा की पंखा, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी ठेवणारा रोध) शाबूत आहेत, फक्त तापमान बघून पंखा लावण्याचा हुकूम येत नाहीये. तेव्हा मोर्चा सेन्सर आणि ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, वळवा.

एसीवर पंखा फिरत नाही, पण तापमान १०३-१०५ ला गेल्यावर एकदम जोरात सुटतो? मग कमी वेगाचा रेझिस्टर जळला आहे. हा रेझिस्टर पुढच्या बंपरमागे असतो आणि धूळ, चिखल, पावसाचं पाणी सगळं झेलतो. त्याचा रोध एक ओहमच्याही आत असल्यामुळे मल्टिमीटरवर बारीक फरक कळणार नाही. सर्किट तुटलेलं आहे की जोडलेलं, एवढंच बघा. प्रत्येक बाजूला स्वतंत्र रेझिस्टर आहे, तेव्हा एक गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे हे लक्षात घ्या. नुसता जोरात चालणारा पंखा काम भागवतो असं वाटतं खरं, पण तोवर इंजिन प्रत्येक सिग्नलला विनाकारण पाच-सात अंश जास्त तापत राहतं आणि टाकी-होजचं प्लॅस्टिक-रबर लवकर म्हातारं होतं.

पंखा कुठल्याच वेगाला फिरत नसेल तर क्रम असा: फ्यूज, मग रिले (शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघा), मग मोटर. मोटरचा सॉकेट काढा आणि फ्यूज लावलेल्या जाड वायरीने थेट बॅटरीचा १२ व्होल्ट द्या. फिरली तर दोष वायरिंगमध्ये. नुसती गुणगुणली किंवा वायर गरम झाली तर बेअरिंग जाम आहे. इग्निशन बंद करून पातं हाताने फिरवून बघा, ते सहज फिरायला हवं. पावसाळा उघड्यावर काढलेल्या गाड्यांत मोटर जाम होणं नेहमीचंच.

पंखे ठीक असूनही उभ्या गाडीत तापत असेल तर कचरा. बंपरच्या दोन्ही तोंडांतून सुकी पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, किडे आणि केसांसारखी धूळ आत खेचली जाते. ती अडकते कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत. बाहेरून टॉर्च मारलात तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि सगळे म्हणतात, "रेडिएटर तर साफ आहे." त्याच्यामागे गादीसारखा थर बसलेला असतो.

तिथे पोचायला बंपर काढावा लागतो. पुढच्या डिकीच्या झाकणाखाली, चाकांच्या कमानींत आणि खालच्या कडेला स्क्रू आहेत. दिव्यांचे सॉकेट सोडून बंपर दोघांनी मिळून पुढे ओढा. मग प्लॅस्टिकची हवानळी काढा, कंडेन्सरचे स्क्रू सोडा आणि गॅसच्या नळ्या न सोडता तो हळूच पुढे कलता करा. पानं हाताने काढा, उरलेली धूळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने. शेवटी मागून पुढे साधं पाणी सोडा. प्रेशर वॉशर इथे वापरू नका, पातळ पाती आडवी झाली की हवेची वाट कायमची बंद होते. परत लावताना हवानळी आणि कमानीचं लायनर तुटलेलं नाही ना बघा. नळीत फट राहिली तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. काम झाल्यावर तोंडांना बारीक जाळी बसवणं शहाणपणाचं, मात्र तिची भोकं मच्छरदाणीइतकी बारीक नकोत.

पळताना किंवा घाटात तापते: पाणी फिरत नाही

खंडाळ्याच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, जोर देताना आकडा चढतो आणि उतारावर उतरतो, अशी तक्रार असेल तर पंखे सहसा निर्दोष असतात. उष्णता जास्त तयार होतेय आणि ती पुढे वाहून नेली जात नाही, किंवा रेडिएटरला ती पेलवत नाही. या दोन शक्यता वेगळ्या करायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. माझ्या मते या गाडीसाठी स्कॅनरनंतरचं हे सगळ्यात कामाचं साधन.

गाडी चांगली गरम करून आणा. ओबीडीवर ९८-१०० असताना, इंजिन चालू ठेवून, प्रत्येक बाजूच्या रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होजवर थर्मामीटर धरा. रबरावर किंवा काळ्या प्लॅस्टिकवरच धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. चाकं वळवली आणि लायनर सोडलं की होज दिसतात. पंख्यापासून बोटं लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

आता आकडे वाचा. आत जाणारं गरम आणि बाहेर येणारंही जवळजवळ तेवढंच गरम: पाणी भरपूर फिरतंय, पण उष्णता सुटत नाही. दोष हवेचा, पात्यांचा, कचऱ्याचा. लेखातल्या आधीच्या ‘पंखे आणि हवा’ या भागाकडे परत जा. आत जाणारं गरम आणि बाहेर येणारं फारच थंड: रेडिएटर आपलं काम करतोय, पण त्यातून पाणी इतकं हळू जातंय की ते थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. दोष वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेल्या नळ्यांचा. एक बाजू गरम आणि दुसरी कोमट: ती बाजू तुंबली आहे किंवा तिथे हवा अडकली आहे. आणि इंजिन १०० ला असताना दोन्ही रेडिएटर गारच: थर्मोस्टॅट बंद अडकला, वॉटर बॉडी फिरवत नाही, किंवा पाणीच नाही.

थर्मोस्टॅट ८६ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला शंभरीजवळ जावं लागतं. त्यामुळे ८८ ला पुढचा भाग गार लागला म्हणून घाबरू नका. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात, तळाला न टेकता, दोऱ्याने टांगून पाणी तापवा आणि शेजारी थर्मामीटर ठेवा. कधी हलतो ते डोळ्यांना दिसतं. ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बाजारात मिळतो. त्याने मोकळ्या रस्त्यावरचं तापमान उतरतं, पण तुंबलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा त्याने दुरुस्त होत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा गॅरेजचा तोडगा तर साफ चुकीचा. उघडताना तो बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते.

वॉटर बॉडी इंजिनाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे सीटच्या बाजूला आहे आणि बेल्टवर फिरते. बेल्ट काढून पुली धरून हलवा. जराही खेळ असेल, किंवा फिरवताना खरखर लागत असेल, तर बदला. मूळ पंपाचं आतलं चक्र प्लॅस्टिकचं असतं. त्याची पाती झिजतात, तुटतात, आणि बाहेरून पंप ठणठणीत दिसत असतानाही पाणी ढकललं जात नाही. पंप काढल्यावर पाती मोजा. एखादं पातं नसेल तर तुकडा इंजिनाच्या पाणवाटेत आहे. तो शोधून, वाट उलटी धुऊन काढल्याशिवाय नवा पंप बसवू नका. धातूच्या चक्राचा पंप मजबूत वाटतो, पण त्याचं बेअरिंग सैल झालं तर ते चक्र इंजिनाच्या ॲल्युमिनियमलाच खरवडतं. प्लॅस्टिकचं चक्र निदान स्वतः तुटतं. म्हणून प्लॅस्टिक चक्राचाच नवा पंप घेऊन तो वेळेवर बदलणं बरं. बोल्ट फक्त १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे. पाना हातात आहे म्हणून जोर केला की ॲल्युमिनियममधले आटे जातात.

तेल आणि पाणी एकत्र

टाकीत कॉफीच्या रंगाचा सायीसारखा गाळ दिसला तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, गाडी फ्लॅटबेडवर न्या. चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे तेल पाण्यात जातं. इंजिन बंद केल्यावर उलटं होतं: पाण्यात दाब उरलेला असतो आणि ते तेलात शिरतं. बेअरिंगला मारतं ते हेच. पहिला संशयित तेल थंड करणारा छोटा हीट एक्स्चेंजर. तो इंजिनावर बसवलेला असतो, काढून वेगळा दाबाखाली तपासता येतो. तो निर्दोष निघाला तरच हेडला तडा गेल्याचं धरा.

गाळ नाही, पण थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांतच होज दगडासारखे होत असतील तर ज्वलनाचा वायू पाण्यात जातोय. टाकीच्या तोंडावर लावायचं रसायनाचं ब्लॉक टेस्टर वापरा. निळं द्रव पिवळं झालं की शंका मिटली.

पाणी भरणं आणि हवा काढणं

यातलं कुठलंही काम केलंत तरी शेवट इथेच होतो, आणि चांगली दुरुस्ती इथेच फसते. इतक्या लांब पाइपांत हवा सहज अडकते. व्हॅक्यूमने भरायचं यंत्र मिळालं तर तेच वापरा: आधी सगळी हवा ओढून घ्यायची, व्हॅक्यूम दहा मिनिटं टिकतोय ना बघायचं आणि मग त्याच ओढीने कूलंट आत सोडायचं. व्हॅक्यूम टिकणं हीच गळती नसल्याची आणखी एक खात्री.

यंत्र नसेल तर मागच्या डिकीत टाकीपाशी, छोट्या झाकणाखाली, हवा काढायचा व्हॉल्व्ह आहे. त्याची तारेची कडी उभी केली की तो उघडतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. टाकी कमाल खुणेपर्यंत भरा, इंजिन सुरू करा आणि पातळी उतरेल तसं घालत राहा. पातळी स्थिर झाली की झाकण लावून १० मिनिटं २५०० आरपीएमवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडल्यावर आणखी ५ मिनिटं, मधूनमधून क्षणभर ५००० पर्यंत नेत. सगळा वेळ ओबीडीवर नजर असू द्या. केबिनमध्ये गरम हवा यायची थांबली किंवा आकडा एकदम उडी मारायला लागला तर हवेचा गोळा फिरतोय. इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा.

कडी एक-दोन दिवस उभीच ठेवून गाडी चालवली तर उरलेली हवा टाकीत निघून येते. नंतर ती आडवी करायला विसरू नका. रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. पहिल्या दोन सकाळी थोडं उतरणं ठीक आहे, तेवढं भरा. तिसऱ्या-चौथ्या सकाळीही उतरत असेल तर ती हवा नाही, गळती आहे. प्रेशर टेस्टर पुन्हा लावा, आणि या वेळी गाडी जरा कोमट असताना.